सिकेरोस आणि मोटारीचा रंग

मेक्सिकोचा चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत ड्यूको वापरायचा. म्हणजे तेव्हा मोटारींना मारत तो नायट्रोसेल्युलोज लॅकर, एक चकचकीत रंग. जोडीला स्प्रेगन आणि स्टेन्सिल. तरुण अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकही तिथे होता.

खरी गंमत रंग ओतण्यात. फळी अगदी आडवी ठेवायची, आधी काळा ओतायचा, तो ओला असतानाच वर पांढरा. पांढरा जड, म्हणून तो खाली बुडतो आणि काळा ठिपक्या-ठिपक्यांनी वर येऊन जाळी धरतो. क्रम उलटा केलात तर काहीच होत नाही! लॅकर भराभर सुकतो, त्यामुळे उशीर झाला तरी फसतं. फळी कलती असली की नक्षी ओघळते. कॅनव्हास नकोच, हा पापुद्रा ठिसूळ, कापड हललं की तडकतो. थिनरची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि विडी-काडी बाहेर.