तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्याहून आबू-जैसलमेर, एकट्यानं

"आबू आणि पुढे जैसलमेर, एकट्यानं कारनं जायचंय. जास्तीचं काय घेऊ?" बडोद्यात दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. सामानाचं नंतर बघू. आधी ब्रेकऑइल कधी बदललंय ते सांगा.

आपलं गाव सपाट, अहमदाबादपर्यंतचा एक्सप्रेसवेही सपाट. त्यामुळे ब्रेकऑइल जुनं झालंय हे इथे कळतच नाही. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. मग आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. आबूचा घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर नेमकं हेच होईल. दोन वर्षं उलटली असतील तर तेल बदला आणि निघण्याआधी एका रविवारी पावागढचा घाट चढून माचीपर्यंत जाऊन या. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक दाबा, सोडा. पेडल मऊ लागलं तर गॅरेज गाठा. जळका वास आला तर थांबून निवू द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

आता वाळू. एकटे असाल तर जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकाडांवर गाडी घालूच नका, तिथे फिरायला उंट आहेत. पण जैसलमेरच्या पुढे, सीमेजवळच्या तनोटच्या बाजूला वारा डांबरावरच वाळू आणून टाकतो, तिथे अडकलात तर पहिली चूक ॲक्सिलरेटरची होते. चाक जागेवर फिरतं आणि खड्डा खणतं. इंजिन बंद करून उतरा, चाकांमागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू हातानं काढा. टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणा, म्हणजे टायर पसरून वाळूवर जास्त जागा धरतो. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते (बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या) त्यांच्याखाली पायपुसणी सारा आणि आलात त्याच चाकोरीनं हळू मागे या. कमी हवेवर जोरात वळू नका, टायर रिमवरून निसटतो. पक्क्या रस्त्यावर आलात की लगेच हवा भरा. त्यासाठी १२ व्होल्टचा पंप हवाच. तो इंजिन चालू ठेवून वापरा आणि दोन टायरांमध्ये थंड होऊ द्या.

स्टेपनीची हवा घरीच तपासा, ती बघायची बहुतेकांची राहून जाते. जॅकखाली ठेवायला फूटभर चौकोनी जाड प्लायवूडही घ्या. वाळूत नुसता जॅक वर येण्याऐवजी खाली रुततो. चाकाचे नट मात्र गाडी उचलण्याआधीच सैल करा.

पिण्याचं पाणी दहा लिटर. टाकी जैसलमेरलाच पूर्ण भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. अंधारात गाडी नको, रस्त्यावर उंट आणि नीलगाई येतात. आणि निघताना घरी लिहून द्या: कुठल्या रस्त्यानं जाताय, किती वाजता पोचाल, त्यानंतर दोन तासांत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.