पित्ताचे खडे आणि तहसीलदारांचा दाखला

सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "मेडिक्लेम आहे का?" नव्हता. आईच्या पित्ताशयात खडे होते. कळ आली की ती स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसायची. मी एका दुकानात हिशेब लिहिते, पगार २२ हजार. घरात कमावणारी मी एकटीच.

आधी महापालिकेच्या एका रुग्णालयात गेलो. दहा रुपयांचा केसपेपर, तीन तासांची रांग. डॉक्टर मात्र नीट बोलले. तातडीचं नाही म्हणून ऑपरेशनची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल का म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलात आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाकडे गेले, तर रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आणि आधारवर नुसतंच नाव. "आधी दुरुस्ती करून आणा." मध्येच एका रात्री आईला पुन्हा कळ आली.

मग घराजवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो. अंदाजपत्रक १ लाख १० हजार. बिलिंगच्या खिडकीवर मी विचारलं, "काही कमी होईल का हो?" आतला मुलगा म्हणाला, "डिस्चार्जच्या वेळी बघू." बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा वॉर्डातल्या मावशी शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "खिडकीवर कशाला विचारतेस गं? पहिल्या मजल्यावर एमएसडब्ल्यू मॅडम बसतात, हॉस्पिटलच्या समाजसेविका. त्यांना सांग, आयपीएफमधून अर्ज करायचाय."

आयपीएफ म्हणजे निर्धन रुग्ण निधी, हे मला त्या रात्री कळलं. मुंबईतली बरीच नावाजलेली खासगी हॉस्पिटलं कागदोपत्री धर्मादाय न्यासांची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना, यांमुळे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम त्या निधीत जमा होते. म्हणजे मी खिडकीवर जी मेहेरबानी मागत होते, तिचा खर्च आधीच वेगळा काढलेला होता! वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. माझं २ लाख ६४ हजार, म्हणजे आम्ही दुसऱ्या गटात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. होता की! भावाच्या कॉलेजसाठी काढलेला. त्यांनी तळाशी बोट ठेवलं : ३१ मार्चपर्यंत वैध. आणि तारीख होती ८ एप्रिल.

नवा दाखला काढायला सेतू केंद्रात गेले. पगारपत्रक, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र दिलं. सेवा हमी कायद्याप्रमाणे १५ दिवस, मला बाराव्या दिवशी मिळाला. या दिवसांत मी एकच शहाणपणाचं काम केलं. ऑपरेशनआधीच्या रक्ताच्या तपासण्या महापालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रात फुकट करून घेतल्या.

दाखला घेऊन गेले तर, "सध्या त्या कोट्यातली खाट रिकामी नाही." धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर हॉस्पिटलनिहाय रिकाम्या खाटा दाखवतात. सकाळीच बघितलं होतं, चार होत्या. तसं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "ते अपडेट नसतं." असेलही. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्या एकट्या आणि दाराबाहेर आम्ही पंधराजण. मी तिथेच कागदावर अर्ज लिहिला, खाली 'प्रत : धर्मादाय आयुक्त कार्यालय, वरळी' अशी ओळ टाकली आणि म्हटलं, "मॅडम, एवढी पोच द्या." शिक्का मारताना त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. वरळीला मला जावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, सोमवारी दाखल व्हा.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दोन रात्री राहावं लागलं. दुर्बल घटकाला औषधं आणि इतर साहित्य हॉस्पिटलच्या खरेदीच्या दराने लावतात, त्यातला निदान अर्धा वाटा आपण भरायचा. बाकीचं बिल सवलतीच्या दराने. सगळं मिळून ३१ हजारांच्या आसपास गेलं. आमच्यासाठी ही रक्कमही लहान नाही, भिशी उचलली. घरी आल्यावरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणल्या. तिथे ब्रँडचं नाव सांगून उपयोग नसतो, त्यातल्या औषधाचं नाव सांगावं लागतं. ते मी चिठ्ठीवर आधीच लिहून घेतलं होतं.

डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले. आईने ती शोकेसमध्ये ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवते. परवा वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तो अर्ज कसा लिहिलास, त्याची झेरॉक्स देशील? ह्यांच्या हर्नियाचं सांगितलंय."