बंड्या ऑक्सिजनवर

शनिवार, मध्यरात्र उलटून गेलीय

मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुत्र्याने जीभ बाहेर काढून धापा टाकणं वेगळं. मांजर त्या टोकाला पोचेपर्यंत आपला त्रास कोणाला कळू देत नाही.

आज संध्याकाळी आलेला बंड्या तसाच होता. मान पुढे ताणलेली, कोपरं अंगापासून लांब, पोट दर श्वासाला खेचलं जातंय. दोन दिवस जेवला नाही, पलंगाखाली बसून होता, एवढंच घरच्यांना दिसलं होतं. त्याला बास्केटमधून बाहेर ओढलंच नाही. वरचा भाग काढला आणि खालच्या भागासकट उचलून ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. तो घाबरून आणखी दमू नये म्हणून ब्युटॉर्फेनॉल या शांत करणाऱ्या औषधाचं छोटं इंजेक्शन दिलं आणि दार बंद केलं.

काकू रडवेल्या झाल्या. "अहो डॉक्टर, नुसतं पेटीत ठेवून काय होणार? एक्स-रे तरी काढा!" त्यांची तगमग मला कळते. पण अशा मांजराला एक्स-रेसाठी आडवं दाबून धरलं, तर ते टेबलावरच जाऊ शकतं. धडपडीला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तोच त्याच्याकडे नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पेटीत तो ४० ते ६० टक्क्यांपर्यंत नेता येतो. म्हणून त्या वेळी हात न लावणं हाच उपचार, आणि तो मला सुई टोचण्यापेक्षा अवघड वाटतो.

पेटीवर लक्ष मात्र सतत ठेवावं लागतं. दार उघडलं की साठलेला ऑक्सिजन बघता बघता निघून जातो, त्यामुळे सारखं डोकावायची कोणालाच परवानगी नाही. मांजराच्या अंगाची ऊब आणि श्वासाची वाफ आत कोंडते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही साचू शकतो. काच धुरकटली की मी आधी आतलं तापमान बघते. उकाड्याने धाप वाढली तर ऑक्सिजन देऊन काय उपयोग?

श्वास बाहेरूनच मोजत होते. स्वस्थ बसलेल्या मांजराचे मिनिटाला साधारण २० ते ३०, बंड्याचे सत्तरच्या आसपास. जरा स्थिरावल्यावर त्याला बसल्या जागीच सोनोग्राफीचा प्रोब लावला. छातीत पाणी होतं. फुप्फुसं बाहेरून दाबली गेली असताना कितीही ऑक्सिजन सोडला तरी ती फुलणार कशी? ऑक्सिजनने आम्हाला वेळ मिळवून दिला, बास. नाकाशी ऑक्सिजनची नळी धरून बरगड्यांमधून बारीक सुईने पाणी काढलं. गुलाबीसर, पातळ. सिरिंज भरत गेली तसं पोटाचं खेचणं कमी झालं आणि बंड्याने तोंड मिटलं! काकांनी तिथेच हात जोडले.

आता पेटी ४० टक्क्यांवर आणलीय. ६० च्या वर एक दिवसापेक्षा जास्त ठेवलं तर ऑक्सिजनच फुप्फुसांना इजा करतो, म्हणून जमेल तसं उतरवत न्यायचं. पाणी तपासणीला पाठवलंय. मला संशय हृदयाचा आहे. सकाळी तो एवढाच शांत असेल तर इको करणार.

काकूंना घरी जाताना सांगितलंय, पुढे रोज तो झोपेत असताना श्वास मोजा. ३० च्या वर राहायला लागले तर रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका.