मासळीचा बर्फ

"मामा, आइस्ड टी कर ना," भाची म्हणाली आणि झोपाळ्यावर पुन्हा आडवी झाली.

वैशाखातली दुपार, तीन वाजत आलेले. वारा पार पडला होता, माडाची एक झावळी हलेल तर शपथ. पुण्याचं ऊन भाजतं, आमचं उकडतं. पुण्याहून आलेल्या माणसाला हा फरक दोन दिवसांत कळतो आणि तिसऱ्या दिवशी ते काहीतरी गार मागतं. घरात पन्हं होतं, कोकमाचं सरबत होतं, माठात वाळा टाकलेला होता. पण तिला आइस्ड टीच हवा होता. आणि कोणी काही करायला सांगितलं की 'मला येत नाही' असं म्हणवत नाही, ही माझी जुनी खोड.

तसं त्यात न येण्यासारखं काय आहे? चहा करायचा आणि गार होऊ द्यायचा. हे तर आमच्याकडे रोज होतं. पेपर वाचता वाचता माझा अर्धा कप गार होतो आणि तो मोरीत ओतताना बायको जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. गार चहा म्हणजे आपल्याकडे हयगयीचा पुरावा. पाहुण्याला कोमट चहा गेला तर ती गोष्ट पुढच्या तीन लग्नांत निघते. आता तोच मुद्दाम गार करायचा आणि वर लिंबाची चकती लावून कौतुकाने द्यायचा.

नेहमीची पावडर घेतली, नेहमीसारखी खळखळून उकळली, गाळून फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने काढून बघतो तर पहिल्या पावसातली खाडी! भाचीने भांड्यात वाकून पाहिलं. "मामा, दूध घातलंस?"

नव्हतं घातलं. चहातलं टॅनिन आणि कॅफीन गरम पाण्यात आपापल्या जागी गुण्यागोविंदाने राहतात; पाणी गार झालं की एकमेकांना धरून बसतात आणि चहा गढुळतो. चहा जितका कडक तितका गढूळ. थोडं उकळतं पाणी ओतलं की निवळतो म्हणा, पण मग गार करण्याचा सगळा खटाटोप पहिल्यापासून. त्यात आपली दाणेदार पावडर. पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करायचं ते सीटीसीचं यंत्र १९३०च्या सुमारास आसामात निघालं. या पावडरीचा स्वभाव असा, की वाटीभर दूध ओतलं तरी मागे हटत नाही. तिला नुसत्या पाण्यात नाजूकपणे वागायला सांगणं म्हणजे आमच्या बैलाला गालिच्यावरून चालवणं.

दुसरा प्रयोग त्याच रात्री केला. कोणीतरी उटीहून आणलेला निलगिरीच्या पानांचा चहा डब्यात पडून होता. लिटरभर गार पाण्यात तीन चमचे पानं टाकली, झाकण लावलं आणि झोपलो. विस्तव नाही, आधण नाही. सकाळी गाळला तर काचेसारखा स्वच्छ, आणि कडवटपणा जवळजवळ नाहीच. गार पाण्याला घाई नसते, म्हणून ते चहातलं नको ते ओरबाडून काढत नाही. साखर मात्र त्यात विरघळायला राजी नव्हती, तळाशी रुसून बसली. मग साखरेचा पातळ पाक करून ठेवला. परड्यातली गवती चहाची दोन पाती चुरगळून टाकली. लिंबू पिळलं तेव्हा तांबडा रंग डोळ्यांदेखत उतरून सोनेरी झाला. लहानपणी तापात मिळणाऱ्या कोऱ्या चहात मी हीच जादू बघायचो. चहा प्यायचा राहायचा आणि लिंबाची फोड चोखून चोखून पांढरी व्हायची.

थंड चहाची एक गोष्ट सांगतात. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचा साहेब हिंदुस्थानातल्या चहाचा प्रचार करायला गेला होता. उकाड्यात त्याच्या गरम चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्याने तो बर्फावर ओतला आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. गोष्ट झकास आहे, पण व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या एका पुस्तकात १८७९ सालीच ही कृती छापलेली आहे: चहा सकाळी करून ठेवावा, संध्याकाळी पेल्यात बर्फ आणि दोन चमचे साखर घालून त्यावर ओतावा. म्हणजे साहेबाच्या २५ वर्षं आधी तिकडच्या बायका हे घरोघरी करत असणार. नाव साहेबाचं झालं. असो.

चहा झाला. राहिला बर्फ. पाण्याचा बर्फ घातला की चहा पातळ होतो, म्हणून मी थोडा चहाच ट्रेमध्ये ओतून गोठवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. दुपारी ट्रे पिळला, कडकड आवाज करत तपकिरी खडे पेल्यात पडले आणि मला आजी आठवली.

आमच्या भागात बर्फ हा माणसांचा नव्हताच. बर्फ मासळीचा. हर्णै बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथल्या लाद्या होडीत जायच्या, मासळीवर पडायच्या. बर्फ विकत घेऊन खाणं हे आजीच्या मते मासळीच्या ताटातलं उचलून खाणं होतं. आम्ही मासे खाणारेच, सोवळ्याचा प्रश्न नव्हता. पण मासळी कढईत आणि बर्फ बंदरावर, अशी तिची वाटणी ठरलेली होती.

धाकट्या आत्याचं लग्न ठरलं ते वैशाखातच. वऱ्हाड मुंबईचं. वराच्या मामांनी आधीच कळवलं होतं, की मंडळींना गार सरबत लागतं. 'गार' या शब्दावर घरात दोन दिवस चर्चा झाली. माठातलं त्यांना गार वाटेल का, यावर आजी ठाम होती आणि बाकीचे साशंक. शेवटी भाऊकाका हर्णैला निघाले आणि मी त्यांच्या मागे लागलो. मी तेव्हा आठ वर्षांचा.

अर्धी लादी घेतली. तिच्यातून वाफेसारखं काहीतरी निघत होतं. गार वस्तूतून वाफ येते हे मी पहिल्यांदा पाहिलं. कारखान्यातल्या माणसाने ती लाकडाच्या भुशात लोळवली, गोणपाटात गुंडाळली, काथ्याने आवळली आणि बैलगाडीत ठेवली. सुवर्णदुर्ग उजेडात नुसता झगमगत होता. गाडी चालू लागली आणि मागे रस्त्यावर थेंबांची रेघ उमटू लागली. भाऊकाका दर दहा मिनिटांनी वळून त्या रेघेकडे बघत, जणू पाकिटातून पैसे गळताहेत.

अंजर्ल्याला तेव्हा पूल नव्हता. खाडी तरीतून ओलांडायची. नेमकी तर पलीकडच्या काठावर. आम्ही हाका मारतोय, तरवाला सावलीत निवांत, आणि गोणपाटाखाली वाळूत डबकं साठतंय. तरीत बसल्यावर लादी मधोमध ठेवली. सगळ्या उतारूंनी पाय तिच्या जवळ सरकवले. एका म्हाताऱ्या बाईने तर सरळ तळवा टेकवला आणि डोळे मिटून घेतले. कोणी काही बोललं नाही.

पुढे कधीतरी वाचलं, की १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला बर्फ घेऊन आलं होतं. तिकडच्या तळ्यांवर गोठलेला बर्फ, वाटेत चार महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. निघताना १८० टन होता, पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास उरला होता. त्यांनीही भुसाच वापरला असणार. आमचा बर्फ हर्णैहून अंजर्ल्याला दोन कोसही आला नसेल, आणि दारात पोचला तेव्हा भाऊकाकांनी एकट्याने उचलला. मुंबईतही पुढल्याच वर्षी बर्फ पोचला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी एक आठवण सांगतात. आजीला हे कळायला हवं होतं. "मग? मी काय म्हणत होते?" एवढंच तिने म्हटलं असतं.

त्या दिवशी आजीने तोडगा काढला. बर्फ सरबतात पडणार नाही. मोठ्या काहिलीत बर्फ फोडून टाकायचा आणि त्यात कोकमाच्या सरबताचा हंडा बसवायचा. बर्फ बाहेरून, सरबत आतून, मध्ये तांबं. काहिलीपाशी पाट टाकून ती स्वतः बसली. लग्नाच्या धामधुमीत नवरीची आई काहिलीची राखण करतेय, हे दृश्य वऱ्हाडाने बराच वेळ पाहिलं. शेवटी वराच्या मामांनी तिच्यादेखत वाकून एक खडा उचलला, आपल्या पेल्यात टाकला आणि "वा!" म्हणाले. आजीने नुसतं पाहिलं. पुढे पंधरा वर्षं त्या मामांचा विषय निघाला की ती म्हणायची, "ते का, मासळीच्या बर्फातले."

मीही एक खडा चोरला होता. पडवीमागे जाऊन तोंडात टाकला. मासळीचा वास वगैरे काही नाही. लाकडाची चव होती, थोडी गोणपाटाची. आजीला हे सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

तर भाचीने पेला तोंडाला लावला. "छान आहे," म्हणाली, "पण बाहेर मिळतो ना, त्यात पीचचा फ्लेवर असतो." फोटो काढला आणि अर्धा पेला ठेवून समुद्रावर गेली. मी माझा पूर्ण प्यायलो. खरं सांगायचं तर बरा होता. पण तो चहा आहे असं काही माझ्या जिभेने मान्य केलं नाही. चांगल्या घरातलं सरबत म्हणून तिने त्याला बसायला पाट दिला.

तेवढ्यात मासेवाली मावशी आली. एरवी सकाळी येते. आज सगळीकडे लग्नं, गिऱ्हाईक नाही, टोपलीत बांगड्यांचे चार वाटे तसेच. पायरीवर टोपली उतरवून पदराने वारा घेत बसली. मी तिलाही पेला भरून दिला. तिने आधी वास घेतला, मग एक घोट, मग माझ्याकडे पाहिलं.

"दूध संपलंय काय रे भाऊ?"

म्हटलं, असाच असतो, थंड चहा. तिने मान हलवली, जशी आजारी माणसाच्या घरी हलवतात, आणि पेला मात्र संपवला. तळाशी चार खडे उरले. ते तिने बोटाने हलवून पाहिले. "बर्फ काळा कसा?"

"चहाचाच आहे. ट्रेमध्ये अजून आहे."

"मग दे की."

मी अख्खा ट्रे आणून दिला. तिने तो पायरीवर आपटला, केळीचं पान बाजूला सारलं आणि सगळे खडे बांगड्यांवर नीट पसरून पुन्हा पान झाकलं. पेल्यातले चारही टाकले. टोपली डोक्यावर घेतली आणि खालच्या आळीकडे निघाली.

रात्री बायको म्हणाली, तू आमच्यासाठी एक वाटा घेऊन ठेवायचास. मी म्हटलं, नको. आज नको.