फॉल्टची वही

मागच्या वर्षी मे संपता संपता आमच्या वर्कशॉपला कुलूप लागलं. आम्ही अकरा माणसं होतो. मी इन्स्पेक्शनला, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन बसणारा. मालकांनी शेवटचा पगार हातात दिला, चहा पाजला आणि म्हणाले, "कुठं काय निघालं तर कळवतो." माणूस चांगला, पण ऑर्डरच नव्हती. तिथून पुढं नवी नोकरी लागेपर्यंत साडेपाच महिने गेले. त्यातून मला बाहेर काढलं ते आमच्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोल गाड्यांच्या माणसांनी. आपल्या भागात हा छंद असलेली आणि बायोडाटा घेऊन फिरणारी बरीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. बेळगावजवळ उचगावच्या पुढं माळावर रविवारी सकाळी गाड्या पळवतो. तिथली तांबडी माती इतकी बारीक असते की दोन बॅटऱ्या संपेपर्यंत बेअरिंग कुरकुरायला लागतात. जूनपासून मात्र गाड्या बंद. बेळगावच्या पावसात ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि रिसीव्हर घेऊन माळावर जाण्यात अर्थ नाही. मग अनगोळमध्ये आमच्या मास्तरांच्या गॅरेजात जमायचं, डिफ (डिफरन्शियल) उघडायचे, तेल बदलायचं, तारा डाग द्यायच्या. मास्तर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेत. खानापूरचा दादा फाउंड्रीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे. निपाणीची ताई कागलच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी गाडी, तिच्याइतका सुबक कुणी बांधत नाही.

जून-जुलैमध्ये मी सगळीकडं अर्ज टाकत सुटलो. चाळीसेक टाकले असतील, बोलावणी तीन आली. एका ठिकाणी साहेबांनी बायोडाटा वरून खाली वाचला आणि 'छंद' या शब्दापुढं बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'रिमोट कंट्रोल गाड्या चालवणे'. "म्हणजे खेळण्यातल्या गाड्या?" एवढंच विचारून त्यांनी कागद बाजूला ठेवला. परत येताना गोवावेस सर्कलला बराच वेळ गाडी लावून उभा राहिलो. आठ वर्षं ज्या कामाला मी रात्री दिल्या, ते कुणाला खेळणं वाटावं याचं खरंच वाईट वाटलं.

त्याच महिन्यात एका नोकरी लावून देणाऱ्या ऑफिसात अडीच हजार रुपये भरले. पावतीही मिळाली. ज्या कंपनीत मुलाखतीला पाठवलं तिथं जागाच नव्हती, वॉचमननं गेटवरनंच परत लावून दिलं. दादाला कळलं तसा तो भडकला. "नोकरी देणारा पैसे घेत नसतोय. पैशाचं नाव काढलं की खुर्ची सोडून उठायचं. पुढचं बोलणं ऐकायचं सुद्धा नाही." कुणाला एवढं एक वाक्य जरी उपयोगी पडलं तरी हे लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

मास्तरांनी माझा बायोडाटा पहिल्यांदा बघितला तो ऑगस्टमध्ये. बाहेर धो धो पाऊस. गॅरेजात माझी बग्गी, म्हणजे माझी आरसी गाडी, उघडी पडलेली. मास्तरांनी चष्मा वर केला, लाल पेननं छंदाची ओळ खोडली आणि विचारलं, "तू गाडी चालवतोस हे लिहिलंयस. गाडी बंद पडली की काय करतोस, ते कुठाय?"

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी नातवाची कोरी वही काढून दिली. पानावर पाच रकाने पाडले: लक्षण, संशय, काय तपासलं, कारण, उपाय. म्हणाले, "आठवतील तेवढे सगळे फॉल्ट लिहून काढ. तुझ्या गाडीतले, आमच्या गाड्यांतले. जिथं तुझं चुकलं तिथं चुकलं म्हणून लिही."

पंधरा दिवसांत चौतीस फॉल्ट निघाले. एक इथं सांगतो, कारण पुढं तोच उपयोगी पडला. माझ्या बग्गीत सेन्सरवाली ब्रशलेस मोटर आहे. तीन जाड तारा ईएससीकडून येतात आणि शेजारून सहा बारीक तारांची सेन्सर केबल, मोटर फिरून कुठं आलीय ते ईएससीला सांगणारी. गाडी सुटताना अडखळायची, गचके खायची, वेग आला की सुरळीत. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी प्रत्येक वेळी. मी आधी ईएससीची सेटिंग बदलली. मग मोटरवर संशय घेतला, दादाची मोटर लावून बघितली, तरी तेच. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर टाकला (तार सलग असली की वाजतो) आणि केबल बोटानं थोडी थोडी वाकवत पुढं सरकलो. प्लगपासून बोटभर अंतरावर, जिथं केबल चासीच्या कडेवरून वळते, तिथं बीप तुटला. सरळ केली की परत वाजायला लागला. वरचं प्लॅस्टिक धड होतं, आत सहापैकी एक तार तुटलेली. साठ-सत्तर रुपयांच्या वस्तूसाठी मी तीन आठवडे घालवले होते. वहीत 'संशय' या रकान्यात ईएससी आणि मोटर अशी दोन्ही चुकीची उत्तरं मी जशीच्या तशी लिहिली.

ताईनं वही वाचली आणि आकडे मागितले. "मोटर तापत होती म्हणजे काय? किती दातांचा पिनियन, मोटरवरचा लहान गिअर, होता, किती केलास?" तेव्हा ती नोंद अशी झाली: स्पर (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) ८७ दातांचा, पिनियन २० वरून २५ केला, गिअरचं प्रमाण ४.३५ वरून ३.४८ वर आलं, मोटरवरचा भार वाढला, पाच मिनिटांत हात लावता येईना, परत २० दातांचा घातला. लिपो पॅकचं, म्हणजे गाडीच्या लिथियम बॅटरीचंही तसंच. 'बॅटरीची काळजी घेतो' ही ओळ काढून, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत बॅलन्स चार्ज, ठेवून देताना ३.८, आणि कुठला सेल मागं पडतोय याची दर महिन्याची नोंद, असं लिहिलं. तिनं आणखी एक सांगितलं: बायोडाटा दोन करायचे. क्वालिटीच्या जागेसाठी इन्स्पेक्शनचा अनुभव वर, मेंटेनन्सच्या जागेसाठी वहीतलं काम वर. आणि 'छंद' हा शब्द दोन्हीकडं नको. तिथं 'स्वतः केलेलं दुरुस्तीचं काम' असं शीर्षक देऊन खाली चार ओळी.

आता कन्नडबद्दल. माझं शिक्षण शहापुरात मराठी शाळेत झालं. घरी, गल्लीत, मित्रांत सगळं मराठी. कन्नड कळायचं, पण बोलायची वेळ आली की मी हिंदीवर जायचो. दादानं हे वर्मावर बोट ठेवून सांगितलं. शॉप फ्लोअरवर बैलहोंगल, गोकाककडची माणसं असतात, रात्रीच्या पाळीत मशीन थांबलं की ती त्यांच्याच भाषेत सांगणार. दादानं मला मशीनचं कन्नड शिकवलं. 'मशीन बंद आगेद री.' 'ऑइल लीक आगतैति.' दर रविवारी तो फॉल्ट कन्नडमध्ये सांगायचा आणि मी त्याला प्रश्न कन्नडमध्येच विचारायचे. आपल्याकडं भाषेचा विषय निघाला की मनं दुखावतात, माझंही दुखावतं. पण ऑपरेटरशी त्याच्या भाषेत बोलल्यानं माझं मराठीपण एका केसानंही कमी झालं नाही, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

पलीकडच्या बाजूचाही विचार केला. वेंगुर्ला रोडनं आमच्या माळावरून तसंच पुढं गेलं की शिनोळी, तिथं महाराष्ट्राची एमआयडीसी. निपाणीकडून कागल, गोकुळ शिरगाव. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तोही काढायला टाकला. ज्यांचं वय आणि अभ्यासाची तयारी आहे त्यांनी तो काढून ठेवावाच. मला मात्र मशीनजवळच राहायचं होतं.

दादाचा शेवटचा सल्ला साधा होता: मोबाइल खिशात ठेव आणि उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, चालत फीर. लहान कारखाने जाहिरात देतातच असं नाही, गेटवर पाटी लावतात. कन्नडमध्ये 'बेकागिद्दारे' (पाहिजेत) आणि खाली सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर, सेटर, फिटर असं काय पाहिजे ते. सकाळची पाळी लागून तासभर झाला की जायचं. त्याआधी सगळे गडबडीत असतात आणि जेवणानंतर साहेब भेटत नाहीत. तीन दिवस मी एकेक रस्ता धरून फिरलो. तिसऱ्या दिवशी एका मशीन शॉपच्या गेटवर 'मेंटेनन्स असिस्टंट' दिसलं. वॉचमननं कन्नडमध्ये विचारलं, मी म्हटलं, "स्वल्प बर्तद री," थोडं येतं. तो हसला आणि आत फोन लावला.

मेंटेनन्सचे मुख्य पन्नाशीचे होते, हाताला ग्रीस तसंच. बायोडाटाकडं त्यांनी फारसं बघितलं नाही, पण वही घेतली आणि मधूनच उघडून वाचत बसले. मग मला एका व्हीएमसीपाशी, म्हणजे उभ्या सीएनसी मशीनपाशी नेलं. म्हणाले, एक्स अक्षावर (टेबल डावी-उजवीकडं सरकतं तो) सर्वो अलार्म, म्हणजे त्या अक्षाच्या मोटरचा अलार्म येतोय, रीसेट केलं की जातो, दिवसातून चार-पाच वेळा. तू काय करशील?

मी सीएनसीला कधी हात लावलेला नव्हता, तसं सांगितलं. मग विचारलं, "अलार्म येतो तेव्हा टेबल दर वेळी एकाच जागी असतं का?"

त्यांनी ऑपरेटरकडं बघितलं. ऑपरेटर कन्नडमध्येच म्हणाला की बहुतेक डावीकडच्या टोकाला गेल्यावर येतो. ते मला कळलं. मी म्हटलं, तर मग मी मोटर आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारा कंट्रोलर) सोडून आधी एन्कोडरची, म्हणजे मोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरची केबल बघेन, ड्रॅग चेनमध्ये (सरकत्या केबलच्या साखळीत) ती टोकाला जिथं सगळ्यात जास्त वाकते तिथं. आणि वहीतलं सेन्सर केबलचं पान काढून दाखवलं. त्यांनी ते पान परत एकदा वाचलं. 'संशय' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकीचं का लिहिलंस?" मी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं होतं, आणि खरंच चुकलं होतं.

पुढचा प्रश्न ४१५ व्होल्टचा. मी ७.४ आणि ११.१ व्होल्टवर काम करणारा माणूस, थ्री फेजला हात लावलेला नाही, हे स्पष्ट सांगितलं. पण एक गोष्ट मला माहीत होती. लिपोचा प्लग लावताना स्विच बंद असला तरी ठिणगी पडते, कारण ईएससीमधले कपॅसिटर त्या क्षणी भरतात. म्हणून म्हटलं, ड्राइव्हचा मेन बंद केला तरी आतले कपॅसिटर भरलेले असणार, चार्जचा दिवा विझेपर्यंत आणि मीटरनं बघेपर्यंत हात घालणार नाही. या उत्तरावर त्यांनी मान हलवली. नोकरी त्या उत्तरावर मिळाली की केबलच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

पगाराचं बोलणं झालं तेव्हा ताईनं लिहून दिलेले तीन प्रश्न विचारले. कंपनी रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टवर? पीएफ कापून हातात किती? ईएसआय आहे का? विचारताना संकोच वाटला, पण कुणालाही राग आला नाही. सहा महिने ट्रेनिंग, कंपनी रोल, पहिल्या महिन्यापासून पीएफ. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू झालो.

पहिल्या महिन्यात मुख्यांनी मला बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना जाणवणारी ढिलाई, मोजायला शिकवलं. टेबलाला डायल गेज लावायचा, अक्ष एका बाजूनं आणायचा, मग उलट फिरवायचा आणि काटा हलेपर्यंत कंट्रोलवर किती आकडा गेला ते बघायचं. जो फरक निघेल तो फॅनुक कंट्रोलमध्ये १८५१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये भरायचा. मी आठ वर्षं पिनियन आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून हेच करत आलोय. पट्टी घालून दोन्ही गिअर एकमेकांवर दाबायचे, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. जी फट राहते तीच बरोबर. तिथं ती कागदाच्या जाडीची, इथं मायक्रॉनची.

साडेपाच महिन्यांत दोन पॅक आणि एक जुनी चासी विकावी लागली. बग्गी विकायला काढली होती, तर दादानं ती स्वतःच्या घरी नेऊन ठेवली आणि म्हणाला, पैसे घे, गाडी तुझीच आहे, जमेल तेव्हा ने. पहिल्या पगाराच्या रविवारी मी पैसे घेऊन माळावर गेलो. दादानं गाडीच्या चारी चाकांची बेअरिंग बदलून ठेवली होती.

काकतीचा एक मुलगा आता आमच्यात येतो, डिप्लोमा झालाय, आठ महिने घरी आहे. परवा त्यानं बायोडाटा आणला. मास्तरांनी लाल पेन माझ्या हातात दिला. छंदाची ओळ मी खोडली, आणि गाडीच्या डिकीतून दोनशे पानी कोरी वही काढून त्याला दिली. पुढच्या रविवारी तो दहा फॉल्ट लिहून आणणार आहे.