मुलांचा पहिला धबधबा : आंबोली

माझं माहेर सावंतवाडीचं. आंबोलीच्या धबधब्याखाली भिजल्याशिवाय आमचा एकही पावसाळा गेला नाही. माझ्या मुलांनी मात्र धबधबा मोबाइलवरच पाहिलेला. म्हणून यंदा जुलैअखेर आठ वर्षांचा थोरला आणि चार वर्षांची धाकटी, दोघांना घेऊन गेले.

मुद्दाम बुधवार धरला. शनिवार-रविवारी कोल्हापूर, बेळगाव, गोवा सगळीकडून माणसं लोटतात, घाटात गाड्यांची रांग लागते. लहान मुलांना घेऊन त्या दिवशी जाऊच नका. सकाळी सातला सावंतवाडी सोडलं. अंतर जेमतेम 30 किलोमीटर. दाणोलीला साटम महाराजांच्या मठात पाया पडलो आणि घाटाला लागलो. मुलांना गाडी लागत असेल तर पोटभर नाश्ता नंतर द्या, आवळासुपारी जवळ ठेवा. मुख्य धबधबा आंबोली गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. जंगलातून पायपीट नाही, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी याच्यासारखा दुसरा नाही.

गाडीतून उतरल्याबरोबर धाकटीने माझी ओढणी घट्ट धरली. पाण्याचा आवाज एवढा, की तिच्या तोंडाशी कान नेला तेव्हा कळलं, ती ‘घरी जाऊया’ म्हणतेय. तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढणार, तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, “चेडवाक उचलू नको गो. आधी पाय बुडवूंदे तेका, मगे बघ.” त्या सुना-नातवंडांना घेऊन आल्या होत्या. प्रत्येक नातवंडाच्या अंगाला खोबरेल चोळून मगच त्याला पाण्यात सोडत होत्या.

मग आम्ही अगदी खालच्या पायरीवर बसलो. तिथे पाणी घोट्याएवढंही नव्हतं. थंड पाणी लागताच तिने पायाची बोटं आत मुडपली. आजींच्या नातीने तिच्या हातात एक पान दिलं. ते पान पाण्यावरून घसरत गेलं आणि कडेच्या दगडाला अडकलं. दुसरं पान, तिसरं पान... पाव तासाने ती आपणहून एक पायरी वर गेली. तासाभराने पापण्यांवर तुषार घेऊन खिदळत होती. मुलांना धबधब्याखाली ओढून नेऊन फोटो काढण्याची घाई कृपा करून करू नका. दोन तास हाताशी ठेवूनच जा.

पाण्याच्या रंगावर मात्र सतत नजर हवी. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, पाऊस कोसळत असतो आणि खाली आपल्याला पत्ता नसतो. पांढरं पाणी तांबूस झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की मुलांना उचलायचं आणि बाहेर पडायचं, क्षणभरही थांबायचं नाही. मुख्य धारेच्या थेट खाली कुणीच उभं राहू नये, वरून दगड येतात. शेवाळावर साध्या स्लिपर घसरतात, मागे पट्टा असलेल्या सॅंडल घाला. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, छत्रीचा काही उपयोग नाही. सुक्या कपड्यांचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. गरम कांदाभजी टपरीतच बसून खा, हातात पुडी दिसली की माकडं झडप घालतात.

परतायची घाई नसेल तर हिरण्यकेशीला जाऊन या. गुहेतून नदी उगम पावते आणि घाट न उतरता पूर्वेला, घटप्रभेकडे जाते. 2020 साली इथल्याच पाण्यातल्या एका इवल्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली, तिला नदीचंच नाव मिळालं. 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. थोरल्याला हे सांगितल्यावर तो कुंडाच्या काठी हलेचना. इथे कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, माशांना बिस्किटं टाकू देऊ नका. आसपासच्या रानात जळवा असतात. चिकटली तर ओढू नका, मीठ टाका, गळून पडते.

आंबोलीजवळचाच नांगरतासचा धबधबा अरुंद, खोल घळीत कोसळतो. तो वरूनच बघायचा, आणि मुलांचा हात अजिबात सोडायचा नाही. आम्ही धाकटीला तिथे गाडीतच ठेवलं, बाबांपाशी. ती तोवर झोपली होती, मुठीत एक पान धरून.