प्लास्टिकची म्हैस

मंडईत ज्या मावशींकडून मी मेथी-पालक घेते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात हटकलं. "काय वो वैनी, रोज पिशवी भरून पाला नेताय, म्हस पाळलीय का?"

"पाळलीय की. प्लास्टिकची."

तेव्हापासून घरात आमच्या बायोगॅसच्या टाकीचं नावच म्हैस पडलं. जुळे सोलापुरात आमच्या घरामागच्या बोळात उभी असते. काळी, पोट सुटलेली, आणि खाण्यात जरा इकडचं तिकडं झालं की रुसणारी. 1000 लिटरची पाण्याची टाकी, तिचं तोंड कापलेलं, आत 750 लिटरची दुसरी टाकी उपडी घातलेली. खाली भाजीचा काला कुजतो, गॅस उपड्या टाकीत साठतो, तशी ती वर उचलली जाते. सकाळी उठल्यावर आमचे हे पेपर बघतात, मी टाकी किती वर आलीय ते बघते.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. लहानपणी वाड्यामागं गोबर गॅस होता, लोखंडी टोपीचा. शेणाच्या पाट्या वाहून वाहून आईची कंबर गेली आणि पुढं टोपी गंजून तो बंदच पडला. त्यामुळं "शहरात, शेणाशिवाय गॅस" हे ऐकल्यावर मी कान टवकारले. पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी हा घरगुती प्रकार पुढं आणला, त्याला 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठीचा इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. त्यांचं म्हणणं मला एकदम पटलं: शेण म्हणजे जनावरानं कस काढून घेऊन उरलेला चोथा. गॅस करणाऱ्या जिवाणूंना चोथ्याऐवजी सरळ अन्नच दिलं तर ते जास्त गॅस देणार, आणि लवकर देणार.

शेण लागतं ते एकदाच, विरजणासारखं. आम्ही ते कालवून टाकीत ओतलं आणि बसलो वाट बघत. टाकी आठवड्यातच वर आली, पण तो गॅस पेटेना. तो सोडूनच द्यायचा असतो, आत हवा मिसळलेली असते, काडी लावायची नाही. धड निळी ज्योत दिसायला पंचवीस दिवस लागले. सासूबाईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं.

आणि मग माझा हिरमोड झाला. बसवून देणारा म्हणाला होता, "कुठलीही भाजी टाका, महिन्याला एक सिलिंडर वाचलाच म्हणून समजा." मी रोज पाच-सहा किलो पाला, कोबीची पानं, दोडक्याची सालं विळीवर चिरून, जुन्या मिक्सरमधून काढून घालत होते. ज्योत चालायची जेमतेम पाऊण तास. शेवटी वहीत हिशेब मांडला. पालेभाजी म्हणजे दहा भागांतले नऊ भाग पाणीच. दहा किलो पाल्यात कोरडा माल एक किलो, त्यातून गॅस निघणार फार तर अर्धा घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस जळतो तेव्हा सिलिंडरमधला अर्धा किलोसुद्धा गॅस वाचत नाही. म्हणजे दोन दिवस एवढी मेथी ओढून आणून मी जेमतेम पावशेर गॅस कमावत होते! तुळजापूर रोडला महापालिकेच्या कचऱ्यापासून वीज करतात, तिथं टनांनी ओला कचरा येतो. माझ्याकडं येते एक पिशवी.

तोडगा गिरणीत सापडला. आमचा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा, त्यामुळं गिरणीत रोजची फेरी असतेच. तिथं जमिनीवर सांडलेलं पीठ झाडून टाकून देतात. ते किलोभर आणून भाजीत कालवायला लागले आणि टाकी हातभर वर यायला लागली. पीठ म्हणजे सगळा कसच की. फुटलेल्या भाकरींचा चुरा मात्र सासूबाई घालू देत नाहीत. अन्न आहे म्हणतात. तो गाईला जातो.

सव्वा ते दीड तास ज्योत मिळते आता. मंद असते, भाकरीला चालत नाही, भाकरीला तवा तापलेला लागतो. पण शेंगदाणे भाजायला अशी ज्योत शोधून मिळणार नाही. घाई केली की दाणा वरून करपतो, आत कच्चा राहतो आणि कुटताना तेल सोडत नाही. चटणीचे सगळे दाणे मी आता म्हशीवरच भाजते. शेगडीच्या जेटचं भोक मात्र मोठं करून घ्यावं लागलं, कारण या गॅसला दाब नाही. दाब कमी वाटला की टाकीवर चार विटा ठेवायच्या. ज्योत फुरफुरायला लागली तर नळीत पाणी साठलंय, काढून झटकायची.

मागच्या वर्षी टोमॅटोचे दर पडले. मावशींनी तीन क्रेट फुकट दिले आणि मी हावरटासारखे दोन दिवसांत सगळे घातले. तिसऱ्या दिवशी बोळात आंबूस वास. टाकी वर आलेली, पण गॅस पेटायला तयार नाही. पुतण्यानं कॉलेजातून लिटमस कागद आणला, तो लालभडक. घाईनं घातलेलं सगळं आंबलं होतं, आणि आंबटात गॅस करणारे जिवाणू आधी मरगळतात. मग आठ दिवस उपास, थोडी चुन्याची निवळी, बादलीभर ताजं शेण. सतराव्या दिवशी पेटली. लिंबाच्या साली आणि कांद्याची टरफलं मी तेव्हापासून बाजूलाच काढते.

"तुमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, मग हिला कुठून घालता?" असं बहीण विचारते. नवीन पाणी फारसं लागतच नाही. बाहेर पडणारी मळी, म्हणजे कुजून उरलेलं पातळ पाणी, गाळून तिच्यातच उद्याचा पाला वाटायचा. उरलेली कढीपत्त्याला आणि शेजाऱ्यांच्या डाळिंबाला.

सोलापूरचं ऊन हिला मानवतं. एप्रिल-मेत आपण भाजून निघतो तेव्हा ही जोरात. थंडीत मात्र आळसावते. गड्ड्याची जत्रा जवळ आली की चटणीची मागणी दुप्पट होते आणि नेमकी तेव्हाच टाकी वर यायला मागत नाही. म्हणून जानेवारीत मी खाणं दुपारी घालते, उन्हात तापलेल्या मळीत कालवून, आणि रात्री टाकीला दोन जुन्या चादरी गुंडाळते. सोलापुरीच, जाड.

परवा सासूबाईंनी ते बघितलं. "माझी चौकड्याची कुठंय म्हणून कपाट उचकतीय कवापासनं," म्हणाल्या, आणि म्हशीच्या अंगावरनं ओढून घेऊन गेल्या.